राणीच्या बागेपासून ठाणे खाडीपर्यंत

भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी. बाहेरगावच्या मुलांना मुंबईतले प्राणी दाखवायचे असतील, तर बेताची सुरुवात या दोन वारांपासून करावी लागते, आणि त्यात खाडीवरचे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, धरले तर भरतीच्या वेळाही जुळवाव्या लागतात. माझा भाऊ जानेवारीच्या अखेरीस सहकुटुंब सांगलीहून आमच्याकडे मुलुंडला आला, तेव्हा हा सारा हिशेब करून गुरुवारी भायखळा, शुक्रवारी बोरिवली आणि शनिवारी ठाणे खाडी असा क्रम ठरला. मंडळीत दादा, वहिनी, तिसरीतला भाचा, बालवाडीतली भाची, माझी सहावीतली मुलगी आणि आमची आई होती. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिची अट एकच होती, की जिथे बसायला बाक असेल तिथे तिला सोडावे आणि बाकीच्यांनी खुशाल हिंडावे.

भाच्याचा मूळ हट्ट आकाशपाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या मनोरंजन उद्यानाचा होता. दादाने कॉलेजात असताना पाहिलेले गोराईचे एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले आणि तसे दुसरे उद्यान असलेल्या खोपोलीपर्यंत आईला नेणे शक्य नव्हते, म्हणून तडजोड प्राण्यांवर झाली. मी मात्र निघण्यापूर्वी एक नियम घातला. प्राणिसंग्रहालयात आलेली बहुतेक कुटुंबे एका पिंजऱ्यापुढून दुसऱ्या पिंजऱ्याकडे अशी धावत सुटतात, की प्राणी नजरेस पडला की काम झाले असा त्यांचा समज असावा. आपण तसे करायचे नाही. प्रत्येक मुलाने एकेक प्राणी निवडायचा आणि त्याच्यापुढे निदान अर्धा तास सगळ्यांनी थांबायचे. बाकीचे प्राणी वाटेत जसे दिसतील तसे बघायचे, नाही दिसले तर सोडून द्यायचे. भाच्याने पेंग्विन, भाचीने पाणघोडा आणि माझ्या मुलीने वाघ निवडला. "मी झाडे निवडते," आई म्हणाली, आणि तिची निवड सर्वांत शहाणपणाची ठरली.

गुरुवार: भायखळा

दप्तर-डबेवाल्यांची गर्दी अंगावर येण्याआधी आम्ही लवकरची धीमी लोकल पकडली आणि भायखळ्याला उतरून स्थानकाबाहेर इडली-चहा उरकला. भायखळा स्थानक १८५३ पासूनचे आहे आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला, ही माहिती दादाने फलाटावर उभ्या उभ्या मुलांना दिली, पण मुलांचे लक्ष अर्थातच पुढे होते. पूर्वेला थोडे चालले की बागेची भिंत सुरू होते. साडेनऊला दरवाजा उघडतो. त्याआधीच तिकीट खिडकीपाशी एका शाळेची सहल रांगेत उभी होती. दोन मोठे आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपयांचे एकत्र तिकीट मिळते, त्यात दादाचे कुटुंब बसले. आम्ही उरलेल्यांनी सुटी तिकिटे काढली.

आज आपण जिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतो, ती बाग १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने लोकांसाठी खुली झाली. तिच्या आधी पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची वनस्पतींची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर झाडांचा संसार भायखळ्याला हलला. म्हणजे मुळात ही झाडांची बाग, प्राणी तिथे मागाहून राहायला आले, आणि हा क्रम ध्यानात ठेवून आत शिरले की बाग वेगळीच दिसते. सुमारे पन्नास एकरांच्या या आवारात तीन हजारांहून अधिक झाडे आहेत, आणि त्यांतली कित्येक मुंबईत अन्यत्र सहजी दिसत नाहीत. जाड, फुगीर बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेतून आलेली. कैलासपतीची फळे तोफेच्या गोळ्याएवढी, आणि ती फांद्यांच्या टोकांना लागत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या देठांवर लगडतात; त्यामुळे अशा झाडाखाली बाक शोधणाऱ्याने आधी वर बघावे.

आईला जे झाड पाहायचे होते, ते उर्वशी. मूळ ब्रह्मदेशातले हे झाड उन्हाळ्याच्या आधीच्या महिन्यांत फुलते, आणि आमच्या नशिबाने एका फांदीवर फुलांचे घोस आले होते. लांब देठाला उलटी टांगलेली, लालभडक, पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका असलेली फुले एकाखाली एक अशी लोंबत होती, आणि शेजारी कोवळ्या पानांचा जुडगा पिवळसर तांबूस रंगात असा निर्जीव लटकला होता, की वहिनीला ती फांदी वाळली आहे असेच वाटले. उर्वशीची पालवी अशीच येते. काही दिवसांनी पानांत हरितद्रव्य भरते आणि ती ताठ होतात. आईचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. रविवारी चाळीतली दोन-तीन बिऱ्हाडे पोळी-भाजीचे डबे घेऊन इथे येत, पोरांना हत्तीवर बसवत आणि संध्याकाळी चालतच घरी परतत. "हत्तीवर बसायला पैसे पडायचे, म्हणून आमच्यापैकी एकालाच बसवायचे, बाकीच्यांनी हत्तीबरोबर चालायचे," असे तिने सांगितल्यावर भाचीने तिच्याकडे अत्यंत दयेने पाहिले.

पेंग्विनांची इमारत वातानुकूलित आहे आणि आत शिरताच अंधार आणि गारवा एकदम अंगावर येतात. "आत्या, बर्फ कुठे आहे?" हा भाच्याचा पहिला प्रश्न होता, आणि तो अगदी योग्य होता. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ते दक्षिण ध्रुवावर राहत नाहीत; पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ, जवळजवळ वाळवंटी किनाऱ्यावर त्यांची वस्ती असते, आणि त्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहामुळे तिथले पाणी गार व मासळीने भरलेले राहते. त्या प्रवाहाचे नाव हम्बोल्ट, म्हणून पक्ष्याचेही तेच. २०१६ च्या जुलैत असे आठ पेंग्विन दक्षिण कोरियातून मुंबईत आणले गेले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहता येऊ लागले. त्यानंतर इथेच पिलेही जन्मली, त्यामुळे आज काचेपलीकडे पोहणाऱ्यांपैकी काही जण जन्माने भायखळ्याचे आहेत.

अर्ध्या तासाच्या नियमाचा फायदा इथे दिसला. पहिली पाच मिनिटे मुलांना फक्त "किती गोड" दिसत होते. मग माझ्या मुलीच्या लक्षात आले, की जमिनीवर पाय घासत, डुलत चालणारा पक्षी पाण्यात शिरताच पाय वापरणेच बंद करतो. पोहण्याचे सगळे काम पंखांचे, पाय मागे जोडून केवळ वळण्यापुरते. भाच्याने प्रत्येकाच्या छातीवरचे ठिपके वेगळे आहेत हे शोधले. हम्बोल्ट पेंग्विनाच्या छातीवर एक काळा पट्टा असतो आणि त्याखाली विखुरलेले ठिपके प्रत्येक पक्ष्याचे निराळे असतात, हे मला ठाऊक होते, पण मी बोलले नव्हते. ते त्याचे त्याला सापडले याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. एक पेंग्विन काचेला चिकटून पाण्याखालून सरसर गेला, वळला, पुन्हा तसाच आला, आणि भाचा काचेच्या अलीकडून त्याच्याबरोबर धावू लागला, तेव्हा तो पक्षी त्याच्यासाठी वेग कमी करतो की काय असे आम्हा सगळ्यांना क्षणभर वाटले. आमच्या शेजारी एक गृहस्थ काचेवर अंगठीने टकटक करत होते. आईने त्यांना, "अहो, तुमच्या घराच्या खिडकीवर दिवसभर असे कोणी वाजवले तर?" असे शांतपणे विचारले, आणि ते हसून बाजूला झाले. जेवणाचा विषय निघाल्यावर या पाहुण्यांना बांगडा आणि बोंबील चालतात हे ऐकून दादाला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

पाणघोड्याने मात्र आमची परीक्षा पाहिली. तळ्याजवळ आलो तेव्हा पाण्यावर काही नव्हते. लोक येत, "काही नाहीये" म्हणत आणि जात. आम्ही कठड्याला टेकून राहिलो. चार-पाच मिनिटांनी पाणी हलले आणि आधी दोन नाकपुड्या, मग डोळे, मग कान असे एका रेषेत वर आले. पाणघोड्याचे हे तिन्ही अवयव डोक्याच्या माथ्यावर असतात, म्हणून बाकीचे सारे धूड पाण्याखाली ठेवूनही त्याला श्वास घेता येतो, बघता येते आणि ऐकताही येते. वर येताच त्याने नाकपुड्यांतून फवारा सोडला आणि दोन्ही कान गरगर फिरवून पाणी झटकले; इवलेसे कान आणि वरवंट्यासारखी काळी गुळगुळीत पाठ यांचा मेळ बसेना, म्हणून भाची हसतच सुटली. पुढच्या खेपेस तो काठावर चढला, पाठ फिरवली आणि शेण टाकता टाकता आखूड शेपटी पंख्याप्रमाणे अशी फिरवली, की ते चहूकडे उडाले. आपली हद्द सांगण्याची ही त्याची रीत आहे असे मी गंभीरपणे सांगायला घेतले, पण मुलांना कारण नको होते. सांगलीला गेल्यावर शाळेत काय सांगणार हे त्या क्षणी ठरून गेले. पाणघोड्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग देवमासे आहेत, हे वाक्य मी त्या गदारोळात कसेबसे घुसवले.

वाघ झोपला होता. काचेच्या भिंतीआड, सावलीत, पोट वर करून. नियमाप्रमाणे आम्ही अर्धा तास थांबलो, आणि त्यात त्याने दोनदा कान हलवले आणि एकदा कूस बदलली. तेवढ्यात कानाच्या मागच्या बाजूचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसला; पुस्तकातले वाघ नेहमी समोरून काढलेले असतात, त्यामुळे माझ्या मुलीने तो कधी पाहिला नव्हता. तिची निराशा झाली हे खरे आहे, पण मांजरकुळातला प्राणी दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो आणि त्याने आपल्या करमणुकीसाठी उठावे ही अपेक्षा आपली आहे, हेही तिनेच नंतर वहीत लिहिले.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात आपण आत जातो आणि पक्षी मोकळे असतात. पुलावरून चालताना करकोचे आणि शराटी हाताच्या अंतरावर येतात. मला मात्र जाळीच्या वरचे दृश्य अधिक रंजक वाटले: खाली पाळलेल्या पक्ष्यांचे खाणे ठेवलेले, आणि वर मुंबईच्या घारी घिरट्या घालत ते न्याहाळणाऱ्या. बागेतले असे बिनतिकिटाचे रहिवासी थोडेथोडके नाहीत. एका उंच झाडावर वटवाघळांची वसाहत होती; पूर्वेकडची उन्हे अंगावर येताच त्यांतली काही एकेक पंख उघडून स्वतःला वारा घेऊ लागली. ही फळे खाणारी मोठी वटवाघळे, दुर्बिणीतून पाहिली तर चेहरा थेट कोल्ह्याचा, तांबूस मान, मोठे डोळे. रात्री ती शहरभर फळांवर चरायला जातात आणि वड-पिंपळाच्या बिया दूरवर टाकतात. पाटी नसलेला प्राणी पाहायला आमच्याखेरीज कोणी थांबले नाही.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाजूला उभा असलेला दगडी हत्ती प्राण्यांच्या यादीतून वगळणे अन्यायाचे होईल. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून त्याला उभे केले. भाच्याने सांधे शोधण्यासाठी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच परिसरात आहे. चौकात २०१७ मध्ये बसवलेला घोडा बिनस्वाराचा आहे. मूळ घोडा भायखळ्याला आणि त्याचे नाव फोर्टमध्ये, ही मुंबईची व्यवस्था दादाला फार आवडली.

शुक्रवार: बोरिवली

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये हेच जंगल पसरलेले आहे, त्यामुळे सरळ रेषेत अगदी जवळ असलेल्या ठिकाणी जायला आम्हाला घोडबंदर रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि विहार व तुळशी हे दोन तलाव त्याच्या पोटात आहेत. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळाले. तलावांत स्वच्छ पाणी यावे म्हणून भोवतालचे रान राखावे लागले. बिबट्यांनी मुंबईकरांच्या तहानेचे आभार मानायला हवेत.

सिंह-वाघांच्या सफारीची गाडी जाळ्या लावलेली असते आणि फाटके एकामागोमाग अशी उघडतात, की पहिले बंद झाल्याखेरीज दुसरे उघडत नाही. इथे राणीच्या बागेच्या उलटा प्रकार: आपण बंद आणि प्राणी फिरते, निदान कुंपणाच्या आत. सिंह रस्त्याच्या कडेला बसलेला होता. आशियाई सिंहाची आयाळ आफ्रिकी भावापेक्षा विरळ असते आणि कान त्यातून बाहेर दिसतात, पोटाखाली कातडीची लांबट घडी असते. गाडी इतकी जवळ होती, की या दोन्ही खुणा मुलांनी स्वतः पडताळून पाहिल्या. रानातला आशियाई सिंह जगात आज केवळ गुजरातेत उरला आहे, २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली, आणि बोरिवलीचे सिंहही तिकडूनच आलेले. वाघ या खेपेस चालत होता, पण गाडीत सर्वांनी एकदम उभे राहून मोबाईल वर केल्याने आम्हाला त्याची शेपटीच काय ती दिसली. सफारी लवकर आटोपते आणि गाडी थांबवणे आपल्या हाती नसते. पैसे वाया गेले असे नव्हे, पण माझे मन त्यात रमले नाही.

खरी गंमत कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यावर झाली. उद्यानाच्या बसने वर जाऊन आम्ही परतीचा थोडा उतार पायी उतरायचे ठरवले. आई बसमधूनच खाली गेली. वळणावर एका झाडावर काळ्या तोंडाची वानरे चरत होती, आणि झाडाखाली चितळांचा कळप माना वर करून उभा होता. वानर पाला खाते त्याहून जास्त खाली टाकते. टाकलेली कोवळी फांदी जमिनीवर पडते न पडते तोच एक मादी ती उचलत होती आणि दुसरी तिला डोक्याने ढकलत होती. सौदा एकतर्फी नसतो: वानरांना वरून बिबट्या लवकर दिसतो, चितळांना त्याचा वास लवकर येतो, आणि ज्याला आधी कळेल तो ओरडतो. आम्ही रस्त्याच्या कडेला दगडांवर बसलो. कोणी ओरडले नाही, बिबट्या अर्थातच आला नाही, पण मुलांना त्या जागेवरून उठवायला वहिनीला तीनदा हाका माराव्या लागल्या. अर्ध्या तासाचा नियम आता कोणाला आठवण करून द्यावा लागत नव्हता.

बिबट्या न दिसणे हीच इथली रीत आहे. या उद्यानात आणि लगतच्या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून २०१५ मध्ये पाहणी झाली तेव्हा ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठशांची रचना वेगळी असल्याने छायाचित्रांवरून एकेक ओळखता येतो. त्यांचे अन्न चितळ-सांबर हे तर आहेच, पण जंगलाच्या कडेला भटकी कुत्रीही त्यांच्या आहारात मोठ्या प्रमाणात असतात. "मग ते आपल्या मुलुंडला येतात का?" असे माझ्या मुलीने विचारले. येतात, आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ता न लागता परतही जातात. उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानतात, शेंदूर लावलेल्या दगडावर कोरलेली त्याची मूर्ती असते आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघ आणि बिबट्या असा भेद त्या पूजेत नाही. शहराने जंगली शेजाऱ्याशी कसे वागावे यावर कितीही परिसंवाद झाले, तरी ही पूजा त्यांहून जुनी आहे.

लाल तोंडाच्या माकडांनी दरवाज्यापाशी वहिनीच्या हातातले शेंगदाणे पुडीसकट नेले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खाणे पिशवीत ठेवावे अशा पाट्या सगळीकडे आहेत.

शनिवार: ठाणे खाडी

मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागते. इथून रोहित पक्षी दाखवायला बोट जाते, आणि तिची वेळ रोज बदलते, कारण ती खाडीतल्या पाण्यावर ठरते. आमचे यजमान सुट्टीमुळे या दिवशी बरोबर होते आणि तिकिटे त्यांनी आधीच काढून ठेवली होती. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

जीवरक्षक जॅकेटे चढवून बसलो. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, तिच्यामागे विजेचे मनोरे आणि इमारती, आणि पाणी चहाच्या रंगाचे. पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्या चिखलाच्या कडेवर एक फिकट गुलाबी रेघ दिसू लागली. जवळ गेल्यावर रेघेचे पाय सुटे झाले. बोटीचे यंत्र बंद करून चालकाने बोट नुसती वाहू दिली, आणि मग त्यांचा आवाज ऐकू आला: हजारो पक्ष्यांची एकसारखी, बदकांच्या जवळ जाणारी कुरकुर. बहुतेक लहान रोहित होते, ज्यांची चोच गडद किरमिजी असते. मधूनच एखादा उंच, पांढरट, गुलाबी चोचीच्या टोकाशी काळा असा मोठा रोहित उठून दिसे. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून अन्न गाळून घेतात. लहान रोहिताचे मुख्य अन्न सूक्ष्म शेवाळ, आणि गुलाबी रंग त्यातल्याच रंगद्रव्यांचा. म्हणूनच करडी दिसणारी पिले वयात येता येता गुलाबी होतात. काही वर्षी मुंबई परिसरात येणाऱ्या रोहितांची संख्या लाखाच्या वर मोजली गेली आहे.

रोहिताचा मागे वाकलेला गुडघा म्हणजे वास्तविक घोटा असतो, गुडघा वर पिसांत झाकलेला राहतो, असे आमच्याबरोबरच्या मार्गदर्शकाने सांगितले. "म्हणजे यांचे गुडघे दुखले तरी कोणाला दिसायचे नाहीत," असे आई म्हणाली, आणि बोटीत ओळख नसलेली माणसेही हसली.

परतल्यावर ओहोटी लागली होती. तिवरांमधून जाणाऱ्या लाकडी वाटेवर मुले पोटावर झोपून खाली चिखलात बघू लागली. चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे सरळ उभी वर आलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये निवट्या होत्या. निवटी हा मासा, पण पाण्याबाहेर आलेला. डोळे डोक्यावर बेडकासारखे उभे, आणि पुढच्या परांच्या आधाराने चिखलावरून टुणटुण उड्या मारत जाणारा. अंग ओले असेपर्यंत त्याला त्वचेतूनही प्राणवायू घेता येतो. दोन नर समोरासमोर आले, पाठीवरचे पर ताठ उभारले, तोंडे वासली आणि मग दोघेही एकाएकी आपापल्या बिळाकडे वळले. भाच्याने त्यांतल्या एकाला नाव दिले आणि तो बिळातून पुन्हा वर येईपर्यंत जागचा हलला नाही. पेंग्विन, सिंह आणि हजारो रोहित पाहून झाल्यावर तळहाताएवढ्या चिखलातल्या माशापुढे तो सर्वांत जास्त वेळ पडून होता, आणि त्याचा डबा उघडायलाही तयार नव्हता.

शेवटी पुढच्या तुकडीसाठी वाट मोकळी करावी लागली. दादाने केंद्राच्या खिडकीवर पुढच्या महिन्याच्या बोटींच्या वेळा विचारून घेतल्या, कारण सांगलीतले त्याचे शेजारी फेब्रुवारीत मुंबईला यायचे होते, आणि तिथूनच त्यांना फोन लावून शनिवार धरा, बुधवार-सोमवार टाळा आणि दुर्बीण आणा, असे बजावले.